नाशिक ते अगुल्हास: आपल्याच गाडीने आफ्रिका उभी पार करायची तर

एमएच-१५ची पाटी लावलेली गाडी मोंबासा बंदरात उतरवायची आणि केनिया, टांझानिया, झांबिया, बोत्स्वाना, नामिबिया करत दक्षिण आफ्रिकेच्या तळटोकाला, केप अगुल्हासला पोचायचं. कच्च्या रस्त्यांचे वळसे धरून नऊ ते दहा हजार किलोमीटर आणि साधारण तीन महिने. पहिल्यांदाच खंड ओलांडणाऱ्याला हा मार्ग सोयीचा आहे. सहाही देशांत वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, त्यामुळे उजवीकडचं स्टिअरिंग अडचण ठरत नाही.

खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं काम नाशिकमध्येच करायचं आहे. वाळूत रुतलेली गाडी तासाभरात निघते. जादा लादलेली गाडी किंवा चुकीचा शिक्का पडलेला कागद मात्र सगळी सहल खातो.

१. आधी महिना, मग मार्ग

पूर्व आफ्रिकेत मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर. बोत्स्वाना-झांबियात नोव्हेंबर ते मार्च पावसाळा, मे ते ऑक्टोबर कोरडं. म्हणून जूनअखेर मोंबासा सोडायचं आणि सप्टेंबरच्या शेवटाला केपला पोचायचं. म्हणजे गाडी एप्रिलच्या शेवटी, फार तर मेच्या पहिल्या आठवड्यात नाशिकमधून निघाली पाहिजे.

‘आफ्रिका म्हणजे ऊन’ हा समज घेऊन निघालेले जुलैत बोत्स्वानात कुडकुडतात. विषुववृत्ताच्या खाली तेव्हा हिवाळा असतो आणि कलहारीत रात्री पारा शून्याजवळ जातो. निफाडच्या डिसेंबरमधल्या पहाटेचे कपडे घ्या.

२. गाडी: नवी घेण्याआधी सुट्या भागांचा विचार

लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारे गिअर) असलेली फोर बाय फोर आणि शिडीसारखी चासी, एवढं हवंच. बाकी निर्णय सुट्या भागांवर घ्या. फॉर्च्युनर किंवा हायलक्स असेल तर तेच २.८ लिटरचं डिझेल इंजिन तिकडच्या हायलक्समध्येही चालतं. फिल्टर, बेल्ट, ब्रेक पॅड कुठल्याही मोठ्या गावात मिळतात. महिंद्राची गाडी नाशिककराच्या हाताखालची, सातपूरच्या कारखान्यामुळे मिस्त्रीही घरचे. दक्षिण आफ्रिकेत महिंद्राचे डीलर आहेत, पण झांबिया-बोत्स्वानाच्या आडरानात ती सोय गृहीत धरू नका. अशा वेळी सुटे भाग सोबत जास्त घ्यायचे आणि तेवढं वजन दुसरीकडून कमी करायचं.

सोबत घ्यायचे भाग: डिझेल फिल्टर ३, ऑइल फिल्टर २, एअर फिल्टर २, इंजिन बेल्ट, रेडिएटरचे वरचे-खालचे होज, पुढच्या ब्रेक पॅडचा एक संच, पुढचा एक आणि मागचा एक शॉकॲब्झॉर्बर, स्टॅबिलायझर लिंक आणि बुश, फ्यूज-रिले, एम-सील, बांधायची तार, केबल टाय, एम-६ ते एम-१२ मापाचे हाय-टेन्साइल नट-बोल्ट. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) विसरू नका. सेन्सरच्या किरकोळ बिघाडानेही आजची गाडी ‘लिम्प मोड’मध्ये जाते, म्हणजे कमी ताकदीवर रखडत चालते, आणि स्कॅनर नसेल तर कारण कळत नाही.

अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत कॅरिअर, ड्रॉवर, बंपर सुबक बनवून मिळतात. सांगताना दोन गोष्टी बजावून सांगा: जाड पत्रा नको, आणि प्रत्येक जोडाला नायलॉक नट (हादऱ्यांनी न सुटणारे). फॅब्रिकेटरला ‘मजबूत’ म्हटलं की तो ५ मिमीचा पत्रा लावतो.

३. वजनकाट्यावर जा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. चासीच्या पाटीवर किंवा आरसीवर एकूण कमाल वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की लादायची मुभा कळते. या वर्गातल्या गाड्यांना ती बहुधा ५०० ते ६०० किलो असते. आता दोन माणसांच्या नेहमीच्या यादीची बेरीज करू:

दोन माणसं १५० किलो. पाणी ६० लिटर, कॅनसकट ६५. डिझेलचे २० लिटरचे दोन कॅन, ४२. छतावरचा तंबू ६०. कॅरिअर ३५. दुसरी स्टेपनी ३२. फ्रिज आणि किराणा ५२. जादा बॅटरी २८. हत्यारं आणि सुटे भाग ४५. गाडी ओढून काढायचं सामान २५. लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी पुढची चरखी) ७५. कपडे, खुर्च्या, भांडी ५०.

एकूण ६५९ किलो, आणि यात चैनीचं काहीच नाही! बंपर-विंच काढा आणि छताच्या तंबूऐवजी ८ किलोचा जमिनीवरचा तंबू घ्या; बेरीज ५३२ वर येते. झाडं विरळ आणि वाळू खोल अशा मुलखात विंचला अँकर मिळत नाही, त्यामुळे आमच्या मते या मार्गावर विंच म्हणजे नाकावर टांगलेलं ओझं. जमिनीवरच्या तंबूबद्दल मात्र एक अट: जनावरं फिरतात तिथे झोपताना चेन पूर्ण बंद आणि तंबूत खायचं काही ठेवायचं नाही.

गाडी पूर्ण भरून, टाकी फुल करून, माणसं बसवून वजनकाट्यावर न्या. कांद्याचे ट्रक मोजणारे काटे पिंपळगाव, लासलगाव, पंचवटी मार्केट यार्ड कुठेही आहेत. तीन वजनं घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर, फक्त मागची चाकं काट्यावर. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा एक्सल ओव्हरलोड निघणं नेहमीचं आहे, कारण फ्रिज, पाणी आणि डिझेल सगळं मागेच जातं. पाण्याची टाकी मागच्या सीटच्या पायाशी, खाली आणणं हा सर्वात स्वस्त उपाय. त्याने भागलं नाही तरच मागच्या स्प्रिंगा बदला. जड स्प्रिंगने वजन पेलतं, पण एक्सलची आणि ब्रेकची मर्यादा वाढत नाही.

छतावर किती चालतं तेही गाडीच्या पुस्तकात बघा. तो आकडा चालत्या गाडीचा असतो आणि त्यात कॅरिअरचंही वजन धरायचं असतं.

४. कागदपत्रं

मुख्य कागद म्हणजे कार्नेट. ‘ही गाडी तात्पुरती आणली आहे, विकणार नाही, परत नेणार आहे’ याची ती हमी. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते. मुदत एक वर्ष. बदल्यात बँक गॅरंटी द्यावी लागते. रक्कम गाडीच्या किमतीवर आणि तुम्ही कुठल्या देशांत जाणार त्यावर ठरते, आणि कार्नेट रीतसर बंद होईपर्यंत तो पैसा अडकून राहतो. घराच्या हप्त्यासाठी ठेवलेला पैसा इथे लावू नका.

अर्जात इंजिन नंबर, चासी नंबर, रंग, सीटची संख्या, स्टेपन्यांची संख्या, रेडिओ अशा बारीक नोंदी असतात. त्या गाडीवरून वाचून लिहा, आरसीवरून उतरवू नका. आरसीतला एखादा अंक चुकलेला असेल तर तो आत्ताच आरटीओत दुरुस्त करून घ्यायचा. दुसरी स्टेपनी नंतर घ्यायचं ठरवलं असेल तरी नोंद ‘दोन’ अशीच करा.

कार्नेटचं प्रत्येक पान तीन भागांचं असतं. देशात शिरताना कस्टम्स खालचा भाग फाडून घेतं. बाहेर पडताना मधला. वरचा भाग तुमच्याकडे राहतो आणि त्यावर दोन्ही वेळचे शिक्के हवेत. एक देश, एक पान. अधिकाऱ्याने चुकून दुसरं पान उघडलं किंवा दोन्ही भाग एकदम फाडले तर तिथेच, काउंटरवरच थांबवा. विनयाने पण ठाम.

यातली फसगत दक्षिणेला आहे. दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, नामिबिया, लेसोथो आणि एस्वातिनी हे पाच देश एकाच कस्टम्स संघात आहेत. बोत्स्वानात शिरताना जो प्रवेशाचा शिक्का पडेल तो पाचही देशांना चालतो, आणि बाहेर पडल्याचा शिक्का थेट केप टाउन किंवा डर्बनच्या बंदरात. मधल्या नामिबियाच्या सीमेवर नवं पान उघडू देऊ नका, नाहीतर हिशोब जुळत नाही.

बाकीची यादी:

• पासपोर्ट: साठ पानी पुस्तिका मागा, नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करतानाच तो पर्याय असतो. काही व्हिसांना एकेक पूर्ण पान लागतं.
• इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट: पेठ रोडच्या आरटीओकडे, परिवहन पोर्टलवरून. शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सही सोबतच लागतं. ते काढायची घाई नको. एप्रिलमध्ये काढलं तर पुढच्या एप्रिलपर्यंत चालतं.
• व्हिसा: केनियाला जानेवारी २०२४पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए (प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी) आहे. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा भारतातूनच घेऊन निघा. रस्त्यात मिळेल या भरवशावर राहू नका. बाकी देशांचे नियम निघण्याच्या तीन महिने आधी त्यांच्या सरकारी साइटवरच बघा.
• पीतज्वराची लस: अधिकृत केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, कारण दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो. तो आता आयुष्यभर चालतो. केनियातून पुढे गेल्यावर दक्षिण आफ्रिका मागते, आणि थेट भारतात परतायची वेळ आली तर आपलं विमानतळही मागतं. दाखला नसेल तर विलगीकरण.
• गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र. गाडी बायकोच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर नोटरी केलेलं इंग्रजी अधिकारपत्र.
• गाडीच्या मागे लंबगोल ‘आयएनडी’ स्टिकर, रोमन अक्षरांत.
• प्रत्येक कागदाच्या १५ छायाप्रती. सीमेवर झेरॉक्सचं दुकान असतं, पण वीज असतेच असं नाही.

विम्याबद्दल गैरसमज फार. आपली मोटार पॉलिसी जादा हप्ता भरून नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजाऱ्यांपर्यंतच वाढते. आफ्रिकेत तिचा उपयोग नाही. केनियात उतरल्यावर तिथला थर्ड पार्टी विमा घ्यायचा आणि त्यालाच जोडून ‘कोमेसा यलो कार्ड’. ते टांझानिया आणि झांबियातही चालतं. घेताना त्या दोन्ही देशांच्या नावावर काट मारलेली नाही ना, ते बघा. बोत्स्वानात सीमेवरच रस्त्याचे आणि विम्याचे पैसे भरावे लागतात. ही सगळी सोय समोरच्याच्या नुकसानीची. तुमची गाडी उलटली तर खर्च तुमचा.

५. कंटेनर

नाशिकहून न्हावा शेवा दोनशे किलोमीटरच्या आसपास. एका गाडीला वीस फुटी, दोन गाड्यांना चाळीस फुटी कंटेनर. जोडीदार मिळाला तर भाडं बरंच वाचतं.

मापं आधी घ्या. वीस फुटी कंटेनरच्या दाराची उंची २.२८ मीटर, रुंदी २.३४ मीटर. गाडी १.८६ मीटर, त्यावर कॅरिअर १२ सेंटिमीटर, त्यावर घडी केलेला तंबू ३०. बेरीज नेमकी २.२८, म्हणजे दारात अडकली. तंबू उतरवून गाडीच्या मागे कंटेनरमध्येच ठेवा, ४.७ मीटरच्या गाडीमागे सव्वा मीटरच्या आसपास जागा उरते. शिवाय आत नेल्यावर ड्रायव्हरला बाहेर पडायचं असतं हे ध्यानात ठेवा. गाडी मधोमध लावली तर दोन्हीकडे वीत-वीत जागा राहते आणि दार उघडत नाही. डाव्या भिंतीला लगटून लावा, उजवीकडे हातभर फट मिळते.

टाकीत पाव भागापेक्षा कमी डिझेल, कॅन पूर्ण रिकामे, गॅस सिलिंडर अजिबात नाही, बॅटरीची तार काढलेली. खालून प्रेशर वॉश करून काळी माती धुऊन काढा. चाकांना लावायचे लाकडी ठोकळे आयएसपीएम-१५ (कीडमुक्त केलेल्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय नियम) शिक्क्याचे हवेत, गोदामातलं कुठलंही लाकूड चालत नाही. दोर टो-हुकला किंवा चासीला बांधा. सीएफएसमधले (कंटेनर भरायच्या गोदामातले) कामगार गाडी पाहून गडबडीत दोर सस्पेन्शनच्या आर्मला घालतात. उभं राहून बघा.

कंटेनरचं प्रमाणित वजन (व्हीजीएम) द्यावंच लागतं, २०१६पासून सगळ्या जगाचा तो नियम आहे. काट्याची पावती इथेही कामाला येते.

जहाजाचा प्रवास साधारण दोन-तीन आठवड्यांचा, पण नाशिक सोडल्यापासून किल्ली पुन्हा हातात येईपर्यंत सहा आठवडे धरा. गाडी उतरायच्या आधी तुम्ही मोंबासात हजर असायला हवं, मूळ कार्नेट आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) घेऊन. बंदरात फुकटचे दिवस मोजके असतात आणि नंतर रोजचं भाडं चढत जातं. विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा.

६. सराव: चिखल घरचा, वाळू परकी

आदल्या पावसाळ्यात सराव करा. सिन्नर, निफाड, येवल्याची काळी माती आणि केनियाची ‘ब्लॅक कॉटन’ एकाच स्वभावाची. दोन्ही ज्वालामुखीच्या खडकातून झालेल्या, पाणी पिऊन फुगणाऱ्या. तिकडचे लोकही तिला हेच नाव देतात. ओली झाली की टायरच्या खाचा बुजतात आणि चाक गुळगुळीत फिरतं. हवा कमी करून, लो रेंज दुसऱ्या गिअरला, न थांबता, स्टिअरिंग हलकं डावं-उजवं करत जायचं. आणि खरी अक्कल शेतकऱ्याची: उघडीप मिळाली की दोन-तीन तास थांबा. ज्या वाटेवर दुपारी बाराला दोन तास झुंजाल, ती तीन वाजता दहा मिनिटांत होते.

चढ-उतारासाठी हरसूल-पेठकडचे कच्चे रस्ते पुरेसे. वन खात्याच्या हद्दीत आणि कुणाच्या पेरलेल्या रानात गाडी घालू नका. विचारलं तर बांधावरचा माणूस बहुतेक वेळा हो म्हणतो.

खोल वाळू मात्र नाशिकजवळ नाही. त्यासाठी एकदा जैसलमेरकडे तीन दिवस काढा, पूर्ण लादलेल्या गाडीनिशी. रिकाम्या गाडीचा वाळूतला सराव खोटा आत्मविश्वास देतो.

७. टायर आणि हवा

ऑल-टेरेन टायर, शक्यतो १७ इंची रिमवर. १८ किंवा १९ इंची रिमला टायरची भिंत बुटकी राहते, हवा कमी करायला वाव उरत नाही आणि आडगावात ते मापही मिळत नाही. २६५/६५ आर १७ हे तिकडच्या हायलक्सचं नेहमीचं माप. तुमच्या गाडीला तेच बसत असेल तर उत्तम.

लादलेल्या गाडीला हवेचे अंदाज, टायर थंड असताना:

• डांबरी रस्ता: पुढे ३३-३४, मागे ३८ पीएसआय
• खडी आणि पन्हाळीचा (आडव्या लाटा पडलेला) कच्चा रस्ता: २६-२८
• चिखल: २० ते २२
• खोल वाळू: १७-१८
• वाळूत रुतल्यावर: १४-१५, आणि निघेपर्यंत वेग दहाच्या खाली, वळण सावकाश. नाहीतर टायर रिमवरून उतरतो.

हवा सोडायची ती रुतण्याच्या आधी. ‘बघू, जमेल’ म्हणत डांबरी रस्त्याच्या हवेवर वाळूत शिरणं हीच अडकण्याची पहिली पायरी. डांबर परत लागलं की लगेच हवा भरा. १८ पीएसआयवर ८०च्या वेगाने गेलात तर टायरची भिंत तापून फाटते. कंप्रेसर थेट बॅटरीला जोडायचा, सिगरेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज तो भार सोसत नाही. पंक्चरचं दोरीवालं किट आणि ते वापरायचा सराव, दोन्ही घेऊन जा. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे जुन्या टायरला खिळा ठोकून शिकता येईल.

पन्हाळीच्या रस्त्यावर (तिकडे ‘कॉरुगेशन’ म्हणतात) दिवसच्या दिवस जातात. ६० ते ८० दरम्यान एक वेग असा सापडतो की गाडी लाटांच्या माथ्यांवरून तरंगत जाते. तिथे हादरे कमी, पण ब्रेक आणि स्टिअरिंगही कमी. नामिबियात खडीच्या रस्त्यावर कायद्याने १०० चालतं. तुम्ही ८०वरच राहा. तिथले अपघात बहुतेक एकाच प्रकारचे: वळणावर मागचं सुटतं, घाबरून ब्रेक, गाडी उलटी. या रस्त्यावर शॉकॲब्झॉर्बरमधलं तेल तापून फेसाळतं आणि गाडी उड्या मारू लागते. तासा-दीड तासाने थांबून जवळ हात नेऊन बघा, धग लागली तर वीस मिनिटं निवू द्या.

कॅरिअर, शॉक, स्टॅबिलायझर लिंक यांचे नट घट्ट केल्यावर नटवरून खालच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. रोज सकाळी नुसतं बघितलं तरी कळतं. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय.

वाळूत रुतल्यावर क्रम असा: ॲक्सिलरेटर सोडा, हवा काढा, चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू उपसा, ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या खाचांच्या फळ्या) लावा, आणि मग शेवटी दोर. ताणणारा दोर फक्त चासीच्या हुकला. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला लावलात तर तो तुटून गोळीसारखा येतो. दोरावर जाड घोंगडी टाका आणि बघ्यांना दोराच्या दीडपट लांब उभं करा. जॅकखाली ठेवायला फूटभर लांब-रुंद, इंचभर जाड प्लायवुड न्या, नाहीतर वाळूत गाडीऐवजी जॅकच खाली जातो. कलहारीची वाळू सकाळी गार आणि घट्ट असते. अवघड टप्पा दहाच्या आत उरका.

८. डिझेल, डीपीएफ आणि गवत

बीएस-६ गाडी १० पीपीएम (दहा लाखांत १० भाग) गंधकाच्या डिझेलसाठी बनलेली. दक्षिण आफ्रिकेत ५० आणि ५०० पीपीएम अशी दोन्ही डिझेलं शेजारशेजारच्या पंपांवर मिळतात. नोझलवरचा आकडा वाचून ५०च घ्या. गंधकाने आणि कमी वेगाच्या वाळवंटी चालीने डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, लवकर भरतो. दिवा लागला की टाळू नका. डांबरी रस्त्यावर वीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालवून तो जाळून घ्या. गाडीला डीईएफ (धूर स्वच्छ करायचं युरियाचं द्रावण) लागत असेल तर १० लिटरचा कॅन सोबत. पाणी वेगळं करणारा जादा फिल्टर नाशिकमध्येच बसवा आणि त्यातलं पाणी दर दोन दिवसांनी सोडा. कॉमन रेल इंजेक्टरचं नोझल पाण्याने खाल्लं गेलं की रस्त्यावर इलाज नाही, आणि हे बॉशचा कारखाना असलेल्या नाशिकमधल्या मिस्त्रीला सांगायची गरज नसावी.

सर्वात मोठा धोका गवताचा आहे, आणि भारतातून जाणाऱ्यांना तो माहीतच नसतो. बोत्स्वाना-नामिबियात दोन चाकोऱ्यांमध्ये कमरेएवढं वाळलेलं गवत उभं असतं. ते गाडीच्या पोटाखाली, एक्झॉस्टभोवती आणि चासीच्या पत्र्यांत कोंबलं जातं. डीपीएफ स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा तिथलं तापमान ६०० अंशांच्या घरात जातं. उभ्या गाड्या अशाने जळून खाक होतात. उपाय साधा पण कष्टाचा: अशा वाटेवर दर अर्ध्या तासाने थांबून खाली सरपटायचं, लोखंडी आकड्याने गवत ओढून काढायचं. इंजिन चालू ठेवून गवतावर उभं राहायचं नाही. वाळलेल्या गवताच्या पट्ट्यात डीपीएफची जाळणी चालू झाली तर आधी मोकळी जागा गाठा. रेडिएटरपुढे बारीक जाळी लावा, कुसळांनी तो चोंदतो. अग्निशामक नळकांडं ड्रायव्हरच्या हाताला लागेल असं. मागे सामानाखाली पुरलेलं उपयोगाचं नाही.

डिझेलचा हिशोब: दोन पंपांमधलं अंतर गुणिले १.३, आणि वाळूत सरासरी निम्म्यावर येते असं धरून. टाकी अर्धी झाली की भरायची, हा नियम झांबियाच्या उत्तरेपासून पुढे पाळा.

९. सीमा आणि रस्ता

नामांगा (केनिया-टांझानिया) सोपी. तुंडुमा-नाकोंडे (टांझानिया-झांबिया) किचकट: तांब्याच्या ट्रकांची रांग मैलभर, आणि दलाल गाडीला लटकतात. ट्रकांच्या रांगेत थांबू नका, छोट्या गाड्यांना बाजूने जाऊ देतात. क्रम एकच: आधी इमिग्रेशन, मग कस्टम्समध्ये कार्नेट, मग रस्ता-कर आणि विमा. सकाळी आठला पोचा. झांबियात शिरताना कार्बन कर, टोल असे चार-पाच छोटे भरणे असतात. पावत्या फेकू नका, पुढच्या नाक्यावर मागतात. झांबियातून बोत्स्वानात कझुंगुलाला २०२१मध्ये झाम्बेझीवर पूल झाला, त्यामुळे जुन्या तराफ्याची वाट बघावी लागत नाही.

पोलीस कुठल्या गोष्टींवर अडवतात ते ठरलेलं आहे: दोन परावर्तक त्रिकोण, अग्निशामक, झांबियात पुढे पांढऱ्या आणि मागे लाल परावर्तक पट्ट्या. टांझानियात गावाच्या पाटीपासून ५०चा वेग, आणि झाडाआड स्पीड गन. पावती मागा, ती मिळाली की दंड भरून मोकळे व्हा. लष्करी छापाचे कपडे झांबियात घालू नका.

केनियात २०१७पासून आणि टांझानियात २०१९पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे. आईने पिशव्यांत बांधून दिलेला चिवडा आणि चटण्या डब्यांत भरा.

बोत्स्वाना आणि नामिबियात गुरांच्या रोगासाठी कुंपणं आहेत; तिथे गाडी उघडून कच्चं मांस, दूध काढून घेतात. शाकाहाऱ्यांचा त्रास वाचतो. संत्री-मोसंबी हत्तींच्या मुलखात गाडीत ठेवू नयेत. अंधार पडल्यावर कुठल्याही देशात गाडी चालवायची नाही. रस्त्यावर गाढवं, गुरं आणि बिनदिव्याचे ट्रक असतात. बोत्स्वानातल्या मकगाडिकगाडीच्या मिठागरात चाकोरी सोडू नका. वर पांढरा पापुद्रा, खाली करडा चिखल, आणि जवळ दुसरी गाडी नाही.

१०. पोट आणि ताप

पाणी माणशी रोज ५ लिटर, पिणं आणि रांधणं मिळून. पूर्व आफ्रिकेत डाळ, तांदूळ, जिरं सगळं मिळतं, आणि ‘चपाती’ हा तिथे स्वाहिलीतलाच शब्द झालाय. झांबियाची राजधानी लुसाकाच्या पुढे मसाल्यांचा भरवसा नाही. गोडा मसाला आणि तीन लिटरचा कुकर नाशिकहूनच घ्या. गॅस सिलिंडर आणि शेगडी तिकडेच घ्यायची, आपला रेग्युलेटर बसत नाही.

टांझानिया आणि झांबियात मलेरिया आहे. गोळ्या कोणत्या आणि कधीपासून ते डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा. परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेचं नाव आधी सांगायचं, नाहीतर नाशिकमध्ये डेंग्यू समजून दिवस जातात. त्सेत्से माशी गडद निळ्या आणि काळ्या रंगावर येते. जीन्स त्या पट्ट्यात नको, खाकी बरी.

११. परतीचा शिक्का

केप टाउन किंवा डर्बनमध्ये कंटेनर सील होण्याआधी कस्टम्सने कार्नेटचा मधला भाग फाडून वर शिक्का मारलेला तुम्ही डोळ्यांनी बघा. एजंट ‘नंतर करून पाठवतो’ म्हणतो, आणि गाडी समुद्रात गेल्यावर तो शिक्का मिळवणं अवघड होतं. तो राहिला तर त्या देशाचं कस्टम्स खातं कार्नेट देणाऱ्या आपल्या असोसिएशनकडे कर मागतं आणि तुमची बँक गॅरंटी अडकते. तशी वेळ आलीच, तर कार्नेटच्या शेवटी ‘लोकेशन सर्टिफिकेट’चा नमुना असतो. गाडी भारतात आल्यावर इथल्या कस्टम्सकडून चासी नंबर पडताळून तो भरून घ्यायचा.

न्हावा शेवाला गाडी सोडवताना निर्यातीच्या वेळचं शिपिंग बिल, आरसी आणि कार्नेट तिन्हींवरचे नंबर जुळावे लागतात. मूळ कार्नेट असोसिएशनला हातोहात द्या, पोच घ्या, आणि गॅरंटी सुटल्याचं बँकेचं पत्र येईपर्यंत प्रत्येक पानाच्या छायाप्रती जपून ठेवा.